नेल्डाची बाद सही

पश्चिम टेक्ससमधल्या त्या गावात दोन्ही पक्षांना तोंडावर शिव्या घालणारी नेल्डा क्राट्झ एकटीच. सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी एक अपक्ष उभा राहिला, आणि त्याचं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून नेल्डा सह्या गोळा करायला लागली. दुखरे गुडघे घेऊन ती दोन महिने किराणा दुकानाच्या दारात उभी राहिली. चारशे सह्या झाल्या. पहिली सही तिची स्वतःची होती.

तपासणीत दीडशे सह्या बाद झाल्या. त्यांत तिचीही होती. तिने अपक्षाच्या प्रचार कार्यालयाला फोन लावला.

"माझी सही बाद? मी काय मेलेय?"

"बाई, मार्चमध्ये पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तुम्ही मत दिलंत. तिथे मत दिलेल्याची सही अपक्षाला चालत नाही."

"अहो, माझा भाऊ तिथे शेरीफला, पोलीसप्रमुखाच्या पदाला, उभा होता, म्हणून दिलं!"

"नियम सह्यांच्या अर्जावरच छापलाय."

तिने चष्मा लावून पाहिलं. खरंच होतं, बारीक अक्षरांत. चारशे लोकांपुढे तिने तोच कागद धरला होता.

राज्यभर सह्या कमी पडल्या आणि अपक्षाचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. शेरीफची निवडणूक हरलेला भाऊ हसत म्हणाला, "ताई, मला मत देऊन तू दोघांनाही पाडलंस की गं!"

नेल्डाने त्याच्यापुढची कॉफी उचलून मोरीत ओतली. नोव्हेंबरातल्या मतदानात तिने मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडली.