शमामावशीचे लोखंडी कण

शमामावशीसमोर ‘चमत्कार’ हा शब्द कुणी उच्चारला, की ती हातातला चहा खाली ठेवायची. चहा खाली गेला म्हणजे आता आपली खैर नाही, हे कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

आईची ही धाकटी बहीण प्रयोगशाळेत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बनवायची. त्यांच्यावर लेप असा, की ते यकृतातल्या कॅन्सरच्या पेशींनाच चिकटावेत आणि एमआरआयमध्ये बारीकशी गाठही उठून दिसावी. मला कळलं ते एवढंच. बाकी मी नुसती मान हलवायचो. ती कला बँकेतल्या नोकरीत कमावलीय.

बाबांना हेपॅटायटिस बीचा जुना संसर्ग होता. “भाऊजी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी!” मावशी ओरडायची. बाबा टाळायचे. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पण लिव्हर तपासायला गेले म्हटलं की सोसायटी काय समजणार? पोटात दुखायला लागलं तेव्हा कुठे गेले. गाठ बरीच वाढली होती.

मग मी अक्कल पाजळली. “मावशी, तुझ्या कणांची एखादी बाटली आण ना. स्टाफला मिळत असेल की.”

चहा खाली गेला.

“बाळ्या, अजून उंदरांवर चाललंय ते! भाऊजी उंदीर आहेत का? आणि ही गाठ आता आंधळ्यालाही दिसेल. मोहरीएवढी असताना सापडावी म्हणून मी मरतेय रे! पण माणूस मशीनपर्यंत आलाच नाही, तर माझे कण काय कोपरपर्यंत चालत येणार?”

बाबा गेले. तेराव्याला शेजारचे नाना श्रीखंड वाढून घेताघेता कुजबुजले, “तसे... घेत होते का कधी?”

मावशीचा डाव हवेतच थांबला. “नाही हो. पण तुम्ही हेच विचाराल, म्हणून वेळेवर तपासायला गेले नाहीत.”

नानांनी श्रीखंड मात्र संपवलं.

पुढे तोच विषाणू माझ्याही रक्तात निघाला. पहिल्या सोनोग्राफीला मी, बापाचाच मुलगा, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून थेट घोडबंदर रोडवरचं लांबचं सेंटर धरलं. तिथल्या ट्रॅफिकमध्ये माझी वेळ हुकली आणि मावशीच्या शिव्या तेवढ्या वेळेवर मिळाल्या.

आता मावशीही नाही. कण अजून उंदरांपाशीच आहेत. परवा मी घराजवळच्याच सेंटरला निघालो, तर जिन्यात नाना.

“काय, सकाळी सकाळी कुठे?”

“लिव्हर तपासायला!” मी इतक्या जोरात सांगितलं, की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. “दारू न पिताही बिघडतं, नाना. चला, तुमचंही दाखवू.”