मांडीखालचा पाना

पाणीवाले नाना जेवायला बसले तरी लोखंडी पाना त्यांच्या मांडीखाली असायचा. टेकाडावरच्या टाकीचा व्हॉल फिरवायचा तो पाना हातभर लांब, जड आणि मुठीपाशी घासून चकचकीत झालेला होता. ओतूरपासून एसटीने वीस मिनिटांवर आमची आठ घरांची वस्ती आहे. ओढ्यावर बंधारा, बंधाऱ्यावर मोटर, टेकाडावर टाकी, आणि टाकीतून पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या रानात येणारं पाणी. वस्तीने ही पाळी नानांच्या हाती दिली, तेव्हापासून त्या पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. पहिल्याच वर्षी व्हॉलखालचा जोड गळायला लागला तेव्हाही फिटर बोलवू दिला नाही. "मला येतंय की," म्हणाले आणि दिवसभर उन्हात बसून नवा जोड स्वतः घातला. वर माती लोटली, दगड रचले.

ते माझे सख्खे कुणी नव्हते, शेजारचे. पण आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून सकाळच्या गाडीला निघाले की बांधावरून हाक यायचीच. "निघालं का सायेब? काय शिकलीस ते येताना सांगून जा." आणि संध्याकाळी ते खरंच थांबलेले असायचे.

सरळपणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा त्यांच्याच कांद्याला पाणी चाललं होतं. दोन सऱ्या राहिल्या आणि वेळ संपली. नाना उठले. काकू, म्हणजे त्यांची बायको, रानातून ओरडल्या, "आवो, दोन सऱ्याच ऱ्हायल्यात!"

"ऱ्हाऊ दे. आता पाळी खालच्या घराची."

"घरच्या माणसावर एवढा जोर? बाहेर दाखवा की कधी."

"घरापासनंच सुरुवात करायची असती," असं म्हणून नाना टेकाड चढायला लागले. त्या दोन सऱ्या काकूंनी घागरीने भिजवल्या. तेव्हा आम्ही सगळे नानांचं कौतुक करत होतो. घागरींचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

टेकाडाच्या पायथ्याला नानांची विहीर होती. चैत्रात बाकीच्यांच्या विहिरींना कोरड पडायची, पण त्यांच्या विहिरीत तीन वर्षं पुरुषभर पाणी टिकलं. नाना आल्यागेल्याला ती दाखवायचे. "सरळ माणसाच्या हिरीला देव पाणी देतो, पावणं." काकू एकदा हळूच म्हणाल्या, "आदी तर होळीलाच तळ दिसायचा." नाना लगेच म्हणाले, "तवा पाना माझ्याकडं नव्हता." यावर सगळे हसले. नाना हसत नव्हते, ते मनापासून बोलत होते.

पाना नानांकडे आल्यापासूनच्या तिसऱ्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी पुरेना. शेवटची पाळी आमची. आमच्या टोमॅटोपर्यंत पाणी यायच्या आत टाकी रिकामी व्हायची. पाणी कुणीतरी चोरतंय, हे नानांनी ठरवून टाकलं. खंडोबाच्या देवळात सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आणि त्या घरची रीत म्हणजे भंडारा उचलून बोललेला शब्द परत फिरत नाही. नानांनी मूठभर भंडारा उचलला.

"ज्याच्या रानात ह्ये पानी मुरतंय, त्याचं पानी वरीसभर बंद. मग माझा बाप असला तरी."

माझे वडील तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, "नाना, शपथ घ्यायच्या आदी एकदा लाइन उकरून बघू. तुमच्या हिरीकडच्या अंगाला."

"म्हंजी चोर मी?"

"आसं कुठं म्हनलो मी, राव?"

नानांनी मुठीतला भंडारा कपाळाला लावला आणि ते तिथून निघाले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या बांधावर आले. आई न्हाणीचं पाणी शेवग्याच्या रोपांना सोडायची, तिथली माती ओली होती. त्यांनी पान्याच्या टोकाने ती उकरली आणि कुणाला काही विचारलं नाही. परत देवळापाशी गेले आणि चार लोकांत वडिलांना चोर म्हणाले. त्या दिवसापासून आमची पाळी बंद झाली. फुलावर आलेले टोमॅटो पंधरा दिवसांत करपले. वडील संध्याकाळी देवळात जायचे थांबले. टोमॅटोचं त्यांना वाईट वाटलंच, पण देवळाकडे पाठ करून ते उंबऱ्यात बसायचे, ते बघवत नव्हतं.

त्याच महिन्यात कॉलेजात मॅडम आम्हाला ग्रीक शोकांतिका शिकवत होत्या. त्या म्हणाल्या की या नाटकांचा नायक वाईट माणूस नसतो. तो आपल्यापेक्षा थोडा चांगलाच असतो. त्याच्या हातून एक चूक होते, आणि ती बाहेरून येत नाही. ज्या स्वभावामुळे तो मोठा झालेला असतो, त्यातूनच येते. मी ते वहीत उतरवून घेत होते आणि मधेच माझा हात थांबला. मला काहीतरी कळल्यासारखं वाटलं, पण ते काय ते सांगता आलं नसतं.

आमचं पाणी तोडलं तरी नाना बांधावर थांबायचे. त्या संध्याकाळी मी मान खाली घालून चालले होते.

"बापावरचा राग माझ्यावर काढू नको," ते म्हणाले. "काय शिकलीस ते सांग."

मी अडखळत सांगितलं. एक राजा असतो, खूप चांगला, न्यायाने वागणारा, आणि तो स्वतःच्याच चुकीने बुडतो.

"आन त्याला कुनी सांगत न्हाई व्हय?"

"सांगतात, नाना. तो ऐकत नाही."

"मग बुडू दे त्याला!" नाना मोठ्याने हसले.

माझ्या ओठावर आलं होतं, तुम्ही तरी कुठं ऐकता? पण मी पुढे चालू लागले. लहान तोंडी मोठा घास, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं की मला फक्त भीती वाटली होती.

वैशाखात मोटर जळाली. आठ दिवस टाकी कोरडी राहिली. सहाव्या दिवशी नानांच्या विहिरीचा तळ दिसला. काकू सांगतात, ते दुपारभर विहिरीच्या काठावर बसून होते. मग कुदळ घेऊन टेकाडावर गेले. व्हॉलखालचे दगड काढले, माती काढली. त्यांनी स्वतः घातलेला जोड पहिल्यापासून सैल होता, आता पुरता सरकला होता, आणि तिथून मुरुमातून ओलीची काळी रेघ थेट विहिरीकडे उतरत होती. तीन वर्षं सगळ्या वस्तीचं पाणी देवाने दिलेलं समजून ते पीत होते.

तसेच मातीच्या हातांनी ते आमच्या दारात आले.

"भाऊ, चोर सापडला," ते वडिलांना म्हणाले.

"कोन?"

"मी."

वडिलांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. नाना तांब्याकडे बघत राहिले, प्यायले नाहीत. संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर त्यांनी वडिलांच्या पायांना हात लावला. वयाने मोठा माणूस! वडील मागे सरकले, म्हणाले, "नाना, ह्ये नका करू." मग नानांनी सांगितलं, आजपासून माझं पाणी वर्षभर बंद. सगळे नको म्हणत होते. "चूक झाली, मुद्दाम केलं का?" कुणीतरी म्हणालं. वडील म्हणाले, "ज्याचं नुकसान झालं तो मी सांगतोय. सोडा."

"भंडारा उचललाय मी."

तेव्हा काकू बायकांमधून उठल्या. "शपथ तुमी घेतली. वाळनार माझं रान. मला इचारलं व्हतं?"

नानांनी खंडोबाला हात जोडले. सगळे त्यांच्याकडे आदराने बघत होते आणि मला एकदम राग आला. कसला ते अजून नीट सांगता येत नाही. आमचं पाणी तोडताना जो माणूस थांबला नाही, तोच आता स्वतःचं तोडताना थांबत नव्हता. तरी स्वतःला सोडून देणारा माणूस असता, तर मला तो आवडला असता का? तेही खरं नाही.

जोड नीट बसवला, मोटर आली, आमच्या रानाला पाणी सुरू झालं. त्या उन्हाळ्यात नानांची विहीर मात्र परत भरली नाही. काकू आमच्या नळावरून घागरी न्यायच्या. जनावरांना पुरायच्या, रानाला कशा पुरणार? शेवटी शेतं वाट्याने देऊन दोघं निरगुडसरला लेकीकडे जायला निघाली. जायच्या दिवशी नानांनी पाना वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी तो देवळाच्या खुंटीला टांगला. आता ज्याची पाळी असेल तो काढून नेतो.

त्या सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. नानांचा हात सारखा कमरेपाशी, पाना खोचायच्या जागी, जात होता आणि रिकामा परत येत होता.

"तुज्या त्या राजाला," ते म्हणाले, "शेवटाला कळतं का?"

"कळतं, नाना."

"मंग बरं हाय."

काकू बोचक्यावर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "आन त्याच्या बायकूचं काय व्हतं गं?"

मी वही छातीशी धरून उभी राहिले. मॅडमनी जे सांगितलं होतं त्यात राजा होता, त्याचा गुण होता, त्याची चूक होती. तेवढ्यात त्यांची गाडी आली; माझी ओतूरची अजून यायची होती. नाना आधी चढले. काकूंचं बोचकं मी वर दिलं आणि त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. आत गेल्यावरही त्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या, उत्तर येईल म्हणून.