दत्ताराम यांच्या घळीतील अस्वल

दत्ताराम हे आमच्या वाडीतील शेवटच्या घरात राहतात. त्यांच्या घरामागे सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, सुरू होतो. चिरेखाणीवर कुदळीने चिरे काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. चिरा उचलण्यापूर्वी ते त्यावर टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि मगच हात घालतात. माणसांशीही ते असेच थांबून बोलतात. त्यामुळे काही लोक त्यांना मंद समजतात. तो समज चुकीचा आहे.

त्यांच्या घराला विहीर नाही. मागच्या घळीत जांभ्याच्या कपारीतून पाणी झिरपते व तोंडाशी दगडी कुंडीत साठते. कपार आत खोल आणि कोरडी आहे. त्या पाण्यावर घर चालते. दोन हजार तीन साली तर त्यावर नारळाची साठ रोपेही वाढत होती. गुरांनी पाणी घाण करू नये म्हणून वाटेवर बांबूचा बेडा, म्हणजे आडवे बांबू सरकवून केलेले फाटक, होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमचा सारा गाव गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो. त्या दिवसांत गाव राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य देवाचा, अशी श्रद्धा आहे. म्हणून दत्ताराम यांच्या घराण्यात निघताना घळीचा बेडा काढून ठेवण्याची रीत आहे. राखणदाराचे पाणी अडवू नये.

चौथ्या दिवशी कौल घेऊन गाव परत भरला. दत्ताराम बेडा लावायला गेले आणि तिथूनच पत्नीला हाक मारू लागले.

“मथुरा, हंय ये गो. हो अजून गेलो नाय!”

“कोण?”

“राखणदार. पावलां बघ.”

कुंडीजवळच्या चिखलात टाच आणि पाच बोटे माणसासारखी उमटली होती. बोटांपुढे लांब नखांच्या खुणा होत्या.

मथुरावहिनी म्हणाल्या, “राखणदार नखां काढणा नाय वाटता.”

दत्ताराम हसले नाहीत. ते महादू गुरवांकडे गेले. राखणदार गेला की आहे, असा कौल लावला. देवाच्या अंगावर होकार-नकारासाठी चिकटवलेली पाकळी दुपारपर्यंत डावीकडेही पडली नाही आणि उजवीकडेही नाही.

“दत्तारामा, देवाकच समजणा नाय हा,” महादू म्हणाले. “मी काय सांगू?”

मग दत्ताराम यांनी कुंडीच्या पाण्याला हात लावला नाही. वहिनी आमच्या विहिरीवरून कळश्या नेऊ लागल्या. बाराव्या दिवशी कपारीतून मधमाश्यांसारखी गुणगुण ऐकू आली. वाडीतील बाबू टेम्पो चालवतो व कोणाला भीत नाही. तो बॅटरी घेऊन आत डोकावला आणि उलट्या पावली धावत आला.

“अस्वल, भाऊनू! आणि कुशीत दोन पिल्लां!”

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे गार्ड आले. ते म्हणाले, “आपल्याकडचे अस्वल थंडीत झोपून राहत नाही. पण व्यायला आलेली मादी अशी जागा धरते. पिल्ले पाठीवर बसण्याजोगी होईपर्यंत, दोन-अडीच महिने, ती जागा सोडणार नाही. तोपर्यंत कोणी तिकडे फिरकू नका.”

“आणि पाणी?” बाबूने विचारले. “तुमी घालतलास रोपांक? त्यापेक्षा सोडणां पेटवून धूर करूया. अर्ध्या तासात भायर!”

नारळाची सोडणे, म्हणजे वाळकी सालपटे, कोणीतरी आणूनही ठेवली होती. गार्डांनी हा गुन्हा आहे असे बजावले, तरी सर्वजण दत्ताराम यांच्याकडे पाहत होते.

“बेडो मी काढलंय,” ते म्हणाले. “कोणासाठी काढलंय, ता आता माका सांगूक येणा नाय. पण काढलंय मीच. मगे इलेल्याक हाकलू कसो?”

“भाऊनू, ता जनावर आसा!”

“होय रे. ता माकाव दिसता.”

धूर झाला नाही. दोघे नवरा-बायको रोज आमच्या विहिरीवरून पाणी नेत. सर्व रोपांना ते पुरले नाही. त्यांनी तेवीस रोपे निवडली व बाकीची डोळ्यांसमोर वाळू दिली. एकदा कळशी भरताना दत्ताराम यांनी मला विचारले, “वैनी, राखणदार जनावराच्या रूपान येता, की जनावर आपलाच येता?” मी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

शिमग्यानंतर एका पहाटे मादी दोन्ही पिल्ले पाठीवर घेऊन सड्यावर गेली. दत्ताराम यांनी ती लांबून पाहिली. आठ दिवस वाट पाहून ते कुंडीवर गेले. पहिल्या कळशीत काळे राठ केस तरंगत होते. वहिनींनी पाणी दुपदरी फडक्यातून गाळले, खळखळून उकळले आणि त्याचाच चहा करून कप पुढे ठेवला. मी तेथेच बसले होते.

“पितलास मां?” वहिनींनी विचारले.

दत्ताराम यांनी कपावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

“पितंय,” ते म्हणाले. “पण आदी तू पी.”