आधी तेल काढलं, मग विचारलं

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय.

सकाळी वडिलांना, म्हणजे अण्णांना घेऊन पाथरीला गेलो. ऑटोमॅटिक गाडीच्या सीव्हीटी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. मिस्त्रीनं जुनं तेल काढलं आणि मग विचारलं, "कोणतं टाकू? लाल टाकू का?" लाल म्हंजे साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल.

गाडीच्या पुस्तकात एकच तेल सांगितलंय. ते पाथरीत न्हाई, मागवायला चार दिवस.

"लाल चालतंय की!"

"याला न्हाई चालत. जुनंच परत ओता."

"ते अण्णा कॅनमधी घेऊन एसटीनं गेले की."

गाडी तिथंच सोडून मीबी एसटीनं घरी आलो. अण्णा गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून तेच तेल फासायलेत. वर मलाच विचारतेत, "अजून निघंल का रे? दोन खांब राहिलेत."

तुमीच सांगा, काय उत्तर देऊ?