छप्पर की पुढची चाकं

शहागडला हायवेच्या कडेला एका गॅरेजात माझी जुनी कॅम्पर व्हॅन उभी होती. मागं झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आधीच्या मालकानं बसवलेलं. गाडी नावाला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी. पुढच्या चाकांना ओढ देणारा गिअर मी गाडी घेतली तेव्हापासून लागत नव्हता, आणि मी तो कधी दुरुस्तही केला नव्हता.

मेकॅनिकला दोन खर्च विचारले. आत ताठ उभं राहता येईल एवढं छप्पर उचलायचं, नाहीतर पुढची चाकं चालू करायची. दोन्ही सारखेच महाग. परवडणार एकच होतं.

माय आत बसून एकेक खण उघडून बघत होती. "ह्याच्यात काय ठेवायचं, चमचे? अन् एवढुसा नळ, ह्याला पाणी कुठून येतं?" तिला तीर्थपुरीकडं वाड्यावर जायचं होतं, माझ्या धाकट्या भावाकडं. गुडघ्यांमुळं रानातून चालवत नव्हतं, आणि गाडी डांबर सोडत नव्हती.

"मावशी, वाड्यावर जायला फोर बाय फोर कशाला?" मेकॅनिक हसला. "थेट दारात गाडी लागंल. साहेब, छप्परच उचला. वाडेवाल्या माणसाला शोभंल."

त्याचा गैरसमज मी तसाच राहू दिला. ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. आमची मेंढरं रात्री रानात जाळीच्या कुंपणात बसतात, शेजारी पाल पडतं. त्या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो. अंबडला नोकरीला लागल्यावर कुणी घरचं विचारलं, की मी म्हणायचो, 'वाडा आहे.' ऐकणाऱ्याला नक्षीचा दरवाजा दिसायचा. आपण खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. "चला, वाडा दाखवा," असं सोबतचे म्हणाले की बंद गिअरची सबब कामी यायची. त्या सबबीपायी गिअर बंदच ठेवला आणि मायला भावाच्या बिऱ्हाडावर जाता आलं नाही, हे मला माहीत होतं.

"आरं, आमचा वाडा आज हितं, उद्या तितं," माय आतून म्हणाली. "त्याला कुठलं दार?"

मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं.

"मेंढरांचा वाडा," मी म्हणालो. "काळ्या रानात असतो. भाऊ मेंढरं वळतो. बाप पण तेच करायचा."

"मंग आधी सांगायचं न्हाई का? मी इथं छपराचं माप घेऊन राह्यलो." टेप खिशात घालून तो गाडीखाली शिरला. पुढच्या चाकांचं सामान यायला आठवडा तरी लागेल, असं खालूनच म्हणाला.

"तवर वाडा हलंल की," माय म्हणाली.

"कुठं हलंल, मावशी?"

"ज्याचं रान मोकळं असंल तिकडं."

मी भावाला फोन लावला. पुढचा मुक्काम कुठं पडणार, असं मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"मायला घेऊन येतो. मी पण राहीन."

"तू? राह की. पण सकाळी जाळी उपटायला लागंल. साहेब म्हणून सोडणार न्हाई."