ताटं धुण्याचं पाणी

टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या लहान कारखानदारांच्या एका संघटनेची कचेरी मी सांभाळतो. दरवर्षी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बोलावून एक दिवसाची बैठक भरते, आणि ती उठली की सभागृहामागे पाण्याच्या बाटल्यांचा आणि चकचकीत कागदी ताटांचा ढीग उरतो. यंदा मी हट्ट धरला की हे थांबवायचं, आणि तेही आधीपेक्षा कमी खर्चात.

फ्लेक्स नको म्हणून रंग फिसकटलेल्या एका चादरीवर रंगाऱ्याकडून अक्षरं काढून घेतली. पुष्पगुच्छ बंद, सत्काराला आमच्याच मागावरचा टॉवेल आणि टोपी. बाटल्यांऐवजी माठ. नाश्त्याला आणि जेवणाला मंगल कार्यालयातून भाड्यानं आणलेली स्टीलची ताटं. ऐंशी माणसांना ऐंशीच ताटं, कारण नाश्त्याची धुऊन जेवणाला वापरली की भाडं निम्मं. या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

"धुणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"अक्का आहेत की."

अक्का म्हणजे आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या, चहा देणाऱ्या बाई. तेलुगू विणकर घरातल्या. सभागृहामागच्याच बोळात राहतात. माझ्याहून वयानं लहान असतील, पण सगळे त्यांना अक्काच म्हणतात.

बैठकीची आखणी मी ज्या कागदावर केली त्यावर सगळं होतं, पाणी नव्हतं. सोलापुरात राहून हे विसरावं याची लाज मला अजून वाटते. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं. घरात कार्य ठरवताना माणसं आधी पाण्याचा दिवस बघतात. मीही बघायचो. मग बोअर असलेल्या इमारतीत राहायला गेलो, नळ फिरवला की पाणी यायला लागलं, आणि पाण्याचा दिवस माझ्या डोक्यातूनच गेला.

बैठकीच्या दिवशी नाश्ता झाला, ताटं मागे गेली. मी माईकवर उभा राहून सांगत होतो की आजचा आपला सगळा कचरा एका बादलीत मावेल. तेवढ्यात बाजूच्या दारात अक्का दिसल्या. पदर खोचलेला, हात साबणाचे. त्यांनी पालथा हात हलवून दाखवला. टाकी संपली.

मला तेव्हा कळलं नाही, असं मी पुढं काही जणांना सांगितलं. ते खोटं आहे. मला कळलं होतं. मी बोलता बोलता हातानंच खूण केली, बघा तुम्हीच काहीतरी. टाळ्या पडत होत्या आणि मला थांबायचं नव्हतं.

जेवणाला ताटं लख्ख आली. सभागृहामागे हातगाडीवर निळी पिंपं दिसली, ती आचाऱ्यानं मागवली असतील असं मी धरून चाललो.

दोन दिवसांनी अक्का उशिरा, अकरा वाजता कामावर आल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काय अक्का, बैठक संपली म्हणजे काम संपलं का?"

"न्हाय सर. टँकरला उभी होते. घरात प्यायला पाणी न्हवतं."

"का?"

"तुमच्या ताटाला गेलं की."

आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. दोन पिंपं त्यांची होती, दोन शेजारणीची. "साहेब संध्याकाळपर्यंत भरून देतील," असं अक्कांनी माझ्या भरवशावर सांगितलं होतं. त्या शेजारणीवर अक्कांची नोकरी उभी होती, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी सुटतं कामाच्या वेळेत. तेव्हा अक्कांच्या दारातल्या नळाला पाईप लावून त्यांचं पिंप तीच भरायची. आता ती बोलेनाशी झाली होती. पाण्याच्या दिवशी अक्कांना खाडा करावा लागणार होता, आणि खाड्याचा पगार आम्ही कापतो. कापतो म्हणजे मीच कापतो.

संध्याकाळी मी रिक्षात विकतच्या थंड पाण्याचे चार जार घालून बोळात गेलो. शेजारीण दारातच होती. "हे आणलं व्हय? आता थंड पाण्यानं लुगडी धुवायची आमी!" बोळ हसला. जार ठेवून मी निघून आलो. प्लास्टिकचे जार, हेही माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीनं बिनकचऱ्याच्या बैठकीबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मला बसवेना. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, खुणेसकट. मग अध्यक्ष म्हणाले, "असू दे हो. पुढच्या वेळी टँकर सांगा." ठराव मंजूर झाला. मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचा जरा अभिमानही.

कप विसळताना अक्का म्हणाल्या, "तितं कशाला सांगितलं सर? आता म्हणतील, अक्का तक्रारी करती."

"मग कुठं सांगायचं?"

"बोळात. तिला वाटतंय, साहेबाचं नाव घेऊन मीच फसवलं."

गुरुवारी पाणी सुटायच्या वेळेला मी गेलो. अक्कांना मीच कचेरीत थांबायला सांगितलं होतं. शेजारीण पाईप धरून स्वतःचं पिंप भरत होती. मी सांगितलं की अक्का खरं बोलत होत्या. शब्द माझ्या नावावर दिला होता आणि पाणी कुणाचं आलं हे मी विचारलंसुद्धा नाही. तिनं वर न बघता ऐकलं.

"तुमी नुसता हात हलवला, आन् आमची पोरं चार दिस बिनआंघोळीची," ती म्हणाली. "सरका. पाणी जाईल."

मी अक्कांच्या नळाला पाईप लावला. सवय मोडली होती. निम्मं पाणी माझ्या पँटवर.

"पाईप आत सोडा की, वर काय धरताय! लई सांडतंय." मग पिंप भरत आल्यावर तिनं विचारलं, "ह्या खेपंला तुमी भरलं. पुढच्या खेपंला कोन?"

उत्तर सोपं आहे. पाण्याच्या दिवशी अक्कांना दोन तास मोकळीक द्यायची आणि पगार कापायचा नाही. त्याला अध्यक्षांची सही लागते. अर्ज लिहून माझ्या खणात ठेवला आहे. त्यानंतर दोनदा पाणी सुटलं. दोन्ही वेळा मीच बोळात गेलो, कारण अध्यक्षांच्या दारात जाण्यापेक्षा ते मला सोपं वाटतं.