साधनाला आणायची गाडी

कल्याणची जीप लई कडक व्हती. घनसावंगी ते अंबड सवाऱ्या न्यायचा तो. आधीच्या मालकानं सिमेंटच्या गोण्या वाहायला मागच्या चाकांवरल्या कमानीत लोखंडाचा एक जादा पाटा घातल्ता, तो काही केल्या वाकायचा न्हाई. खड्डा आला की माणसाचं डोकं टपाला. सवाऱ्या शिव्या द्यायच्या अन् हा हसायचा, "कंबर मोकळी झाली का न्हाई मामा? डॉक्टरचा खर्चा वाचला की!"

असा हसतमुख गडी. बाप लहानपणीच गेला, घरात माय सोनूबाई अन् हा. धाकली बहीण साधना वाटूरला दिलेली. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून हा गाडी घेऊन आणायला गेल्ता.

साधनाची सासू प्रभावती गोड बोलण्यात लई हुशार. चहा पुढं केला अन् म्हणली, "पाव्हणं, मी कुठं न्हाई म्हणते? पर असल्या रस्त्यानं, असल्या गाडीत? पोटातलं लेकरू काय ज्वारीचं पोतं हाय? गाडी जरा मऊ असती तर आत्ताच धाडली असती."

आता बाई निमित्त काढून राह्यली, हे दुसऱ्या कुणाला बी कळलं असतं. ह्याला बिलकुल कळलं न्हाई. ह्यानं ते बराबर खरं धरलं अन् एकटाच माघारी आला.

दुसऱ्या दिवशी गाडी अंबडच्या सुमित मिस्तरीकडं लावली. सुमित खाली घुसून बाहेर आला.

"पाटा काढतो. शॉकप पार मेलेत, ते बदलू. टायर बी उंच, फुगीर टाकू. पर ऐक, पाटा गेल्यावर सवाऱ्या कोंबता येणार न्हाईत, गाडी खाली बसंल. धंद्याचं काय?"

"धंदा साधना बाळंत झाल्यावर."

"येडा हायस."

"असू दे. काढ तू."

मंग रोज सांजच्याला हा मायला मधल्या सीटवर बसवायचा अन् गावाबाहेरच्या खड्ड्यांतून फिरवायचा. सोनूबाई बसायची बी तोऱ्यात, जशी काही तिचीच परीक्षा. "आदळती अजून." की हा टायरातली हवा कमी करायचा. "आता डुलून राह्यली, पोरीला मळमळ व्हईल." की पुन्हा थोडी भरायचा. सीट पार चपटी झाल्ती, तर सोनूबाईनं कापूस पिंजून आणला, आपल्या हिरव्या लुगड्याची खोळ केली अन् गादी शिवली. शेवटी एका सांजेला माय काहीच बोलंना. ह्यानं वळून पाह्यलं, तर म्हातारी तोंड उघडं टाकून झोपलेली! येवढा हसला हा, की गाडी थांबवावी लागली.

सकाळीच वाटूर गाठलं. प्रभावती बाहेर आली, आत बसली, गावातून एक चक्कर मारायला लावली. "अगं बाई, गाडी हाय का पाळणा!" तवर साधना पिशवी घेऊन दारात आल्ती. तिनं वाकून गादीवर हात दाबून पाह्यला. "दादा, मायच्या लुगड्याची ना रे?"

"व्हय. बस."

"थांबा पाव्हणं," प्रभावती म्हणली, "आमची लेक प्रियदर्शनी बी पोटुशीच हाय. अंबडला दिलीय, तिला बी आणायचंय. आधी तिला घेऊन या जल्दी. मंग हिला न्या की."

ह्याला वाटलं, त्यात काय? गेला. परक्याची लेक, पर खड्डा खड्डा चुकवत फुलावानी आणली. ती सारी वाट झोपली. दारात गाडी थांबली तवा डोळे चोळत म्हणली, "आलो बी का?" प्रभावतीनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अन् नणंदेची बॅग उचलून आत कुणी न्यावी? तर साधनानं. सात महिन्यांचं पोट घेऊन.

"मावशी, आता साधनाला..."

"अवो, माझे गुडघे का चालतात? ह्या लेकीचं कोण करंल? साधनाचं बी इथंच व्हईल की."

"तुम्हीच म्हणलाव्ता, गाडी मऊ असती तर..."

"म्हणले असंन."

साधनाचा नवरा खाटंवर मोबाइल बघून राह्यल्ता. त्यानं मान बी वर केली न्हाई.

कल्याणनं बहिणीचा हात धरून गाडीत घातली असती. पर मंग तिला पुन्हा नांदायला कोण घेणार? साधना दारातूनच म्हणली, "जाय दादा तू. मायला सांग, गादी लई मऊ झालीय."

घरी सोनूबाई उंबऱ्यात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. गाडीतून एकटा कल्याण उतरला. तिनं तुकडा कुत्र्याला टाकला अन् आत गेली.

कल्याण दुसऱ्या दिवशी सुमितकडं गेला. "पाटा परत बसव." सुमित पाटा घेऊन गाडीखाली घुसला.

साधनाला तिकडंच लेक झाली. माहेरी आली तवा लेक रांगायला लागल्ती. यष्टीनं आली, उभ्यानं, लेकराला काखंला मारून.

कल्याणची जीप अजून चालू हाय घनसावंगी-अंबड. आता सवाऱ्या शिव्या देतात तवा हा समोर बघत गाडी हाणतो. हसत न्हाई.